पाण्यावरचा तवंग

दिवाळीत काही घरांतून अजूनही पाण्यावरचे दिवे लावतात. काचेच्या पेल्यात तीन हिस्से पाणी, वर बोटभर तेल आणि त्या तेलावर तरंगणारी वात. पाण्यात थोडा रंग घातला की मुले खूश होतात. तेल सरले म्हणजे वात पाण्याला टेकते, चुर्र करते आणि विझते. तेल वर आणि पाणी खाली. घरच्या घरी ही मांडणी मोठी गोजिरवाणी दिसते. हीच मांडणी एका गावाच्या जमिनीखाली झाली म्हणजे काय होते, ते नायजेरियातल्या निसिसिओकेन ओगाले या गावाने पाहिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने ओगोनी प्रदेशाची पाहणी करून २०११ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात असे नमूद आहे की, या गावच्या विहिरींना ज्या भूजलाचा पाझर आहे त्यावर शुद्ध केलेल्या तेलाचा ८ सेंटिमीटर जाडीचा थर तरंगत होता. ज्या विहिरींचे पाणी गाव पीत होते त्यांत बेन्झीन सापडले, आणि तेही जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित मानलेल्या प्रमाणाच्या ९०० पटींहून अधिक.

मला लिहायचे आहे ते या अहवालावर नव्हे, तर एका कादंबरीवर. पण ही कादंबरी आणि हा अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कादंबरीचे खरे मोल ठरत नाही, असे माझे मत झाले आहे. कादंबरीचे नाव ‘ऑइल ऑन वॉटर’. लेखक हेलॉन हबिला. ती २०१० साली, म्हणजे अहवालाच्या एक वर्ष आधी आली. हबिला हे नायजेरियाचे खरे, पण तेलाच्या मुलखातले नव्हेत. त्यांचा जन्म देशाच्या उत्तरेकडचा, १९६७ सालचा. पुढे ते अमेरिकेत अध्यापक झाले. नायजर नदी समुद्राला मिळताना जिथे शेकडो फाट्यांनी विखुरते त्या त्रिभुज प्रदेशाकडे ते जरा बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहतात. ही गोष्ट कादंबरीला काही ठिकाणी लाभली आहे आणि काही ठिकाणी बाधलीही आहे.

तेलावर कादंबऱ्या फार नाहीत. अमिताव घोष यांनी १९९२ साली एका परीक्षणात हाच सवाल केला होता, की ज्या वस्तूने विसाव्या शतकाचा नकाशाच बदलून टाकला तिच्यावर थोर म्हणावी अशी कथात्मक कृती का निपजू नये? ते परीक्षण होते अब्दुर्रहमान मुनीफ यांच्या अरबी कादंबरीमालेचे. ‘मिठाची शहरे’ असा तिच्या नावाचा अर्थ होतो. मुनीफ हे स्वतः तेलाच्या अर्थशास्त्राचे पंडित. त्यांच्या पहिल्या खंडाची (१९८४) सुरुवात होते ती तेलाच्या विहिरीपाशी नव्हे, तर गोड्या पाण्याच्या झऱ्यांपाशी. वादी अल्-उयून म्हणजेच झऱ्यांचे खोरे. वाळवंटातले ते एक हिरवे बेट. तिथे परके लोक येतात आणि गावाला सांगतात की, आम्ही पाण्याच्या शोधात आलो आहोत. गावाला नवल वाटते, की पाणी तर इथे आहेच!

हा निव्वळ कादंबरीकाराचा खेळ आहे असे कोणी समजू नये. १९३१ साली चार्ल्स क्रेन नावाच्या अमेरिकन धनिकाने कार्ल ट्विचेल या इंजिनिअरला अरबस्तानात इब्न सौद यांच्याकडे धाडले ते पाण्याचा ठाव घेण्यासाठीच. आणि १९३३ साली तिथे अमेरिकन कंपनीशी करार झाला तो तेलाचा. त्याआधी बहरीनमध्ये फ्रँक होम्स यांनी शेखाला गोड्या पाण्याच्या विहिरी खोदून दिल्या आणि १९२५ साली तेल शोधायची सनद मिळवली. पाणी दाखवून तेल नेण्याची ही रीत अशी जुनी आहे. मुनीफ यांनी ती नेमकी हेरली. यंत्रे येतात, खजुरीची झाडे मुळासकट उपटली जातात, आणि मितेब अल्-हथाल हा म्हातारा आपल्या उंटावर बसून जो निघून जातो तो पुन्हा हाडामांसाचा असा गावाला दिसत नाही. पुढचे तेलाचे शहर हबिला यांच्या कथेहून फार दूरचे आहे. मुनीफ यांच्याकडे पाणी एका दिवसात जाते. हबिला यांच्यापुढचे काम याहून अवघड होते, कारण त्यांच्या प्रदेशात पाणी कुठेच जात नाही. ते जागच्या जागी असते आणि पिण्याजोगे नसते.

मराठी वाचकाला दुष्काळ नवा नाही. ‘बनगरवाडी’चा शेवट ज्याने वाचला आहे त्याला पाणी आटले म्हणजे माणसे कशी पांगतात हे कोणी शिकवायला नको. पण आपल्या साहित्यातल्या दुष्काळाला एक चेहरा असतो. कोरडे पात्र, भेगाळलेली जमीन, रिकामे हंडे. लेखकाने नुसते बोट दाखवावे आणि वाचकाला कळावे. विषारलेल्या पाण्याला असा चेहरा नाही. बेन्झीनला रंग नाही. ते वस्त्रगाळ करून निघत नाही, तुरटी फिरवून बसत नाही, आणि पाणी चुलीवर उकळले तर वाफेबरोबर उठून स्वयंपाकघरातल्या हवेत मिसळते. लिटरभर पाण्यात दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा हिस्सा, ही त्याची मर्यादा मानतात. आज प्यायलेल्या पाण्याचे फळ रक्ताच्या कर्करोगाच्या रूपाने कित्येक वर्षांनी यायचे. आता सांगा, कादंबरीकाराने यात प्रसंग कुठला रंगवायचा? नाट्य कुठले उभे करायचे? ज्या संकटाला घटकाही नाही आणि आवाजही नाही, ते कथेत आणणे ही हबिला यांच्यापुढची खरी परीक्षा होती.

तिच्यातून सुटण्यासाठी त्यांनी एक सोपी वाट काढली, ती अपहरणाची. तेल कंपनीतल्या एका इंग्रज इंजिनिअरची बायको, इझाबेल फ्लड, बंडखोर पळवून नेतात. तिचा शोध घ्यायला पोर्ट हारकोर्टहून दोन बातमीदार होडीतून निघतात. रूफस हा तरुण आणि होतकरू, तर झॅक हा एके काळी नाव कमावलेला, आता दारूने आणि तापाने खंगलेला. तमुनो नावाचा म्हातारा आणि त्याचा लहानगा मुलगा मायकेल त्यांची होडी चालवतात. धुक्यातून वाट काढीत, बेटामागून बेट मागे टाकीत ही मंडळी आत आत जातात. कथा सरळ सांगितलेली नाही. ती मागे-पुढे झोके घेत जाते. रूफसला स्मरते तसे आपल्याला कळते. हे तंत्र सुरुवातीला गोंधळात टाकते. पण पन्नासेक पानांनंतर वाचक त्या धुक्याला सरावतो.

या प्रवासात एक ओसाड गाव लागते. माणूस नाही, कोंबडे नाही. गावात विहीर आहे, आणि तिच्यात डोकावले तर खाली काहीतरी मरून सडलेले असावे असा दर्प, आणि त्या दर्पात मिसळलेला तेलाचा वास. हबिला तिथे फार थांबत नाहीत. दोन-चार वाक्ये आणि होडी पुढे. मला हा आवरतेपणा फार आवडला. एखाद्या भावविवश लेखकाने त्या विहिरीच्या काठावर बसून पानभर विलाप केला असता.

परंतु या कादंबरीचे काळीज म्हणावे असा भाग याहून वेगळा आहे. एका लष्करी तळावर रूफसला डागोगो-मार्क नावाचे डॉक्टर भेटतात आणि आपली हकिगत सांगतात. तरुणपणी ते एका खेड्यात नोकरीला गेले. लोकांची प्रकृती ठणठणीत. तुम्हाला दुखते काय, असे विचारले तर लोक म्हणत, आजार नाही, दारिद्र्य आहे. शेजारच्या गावात तेल सापडले होते आणि तिथे रात्रंदिवस वायूची ज्वाळा जळत होती. तिच्याकडे बोट दाखवून लोक म्हणत की आम्हाला तो उजेड पाहिजे. यथावकाश त्यांच्याही गावात तेल सापडले. ज्वाळा पेटली. आनंदीआनंद झाला. रात्री त्या उजेडात बाजार भरू लागला, नाचगाणी होऊ लागली. त्या आगीला गावाने नाव दिले तेही बायबलातले, पवित्र.

मग जनावरे मरू लागली, झाडे सुकू लागली. डॉक्टरांनी पिण्याच्या पाण्याचे नमुने घेऊन तपासले तेव्हा विष वाढत चाललेले दिसले; वर्षभरात ते निर्धोक मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट झाले. त्यांनी लोकांना सांगितले. लोकांनी ऐकले नाही. कंपनीला सांगितले तर तिने त्यांना नोकरीच देऊ केली. माणसे मरू लागली तेव्हा त्यांनी रक्त तपासून आकडे सरकारला धाडले. सरकारने आभार मानले आणि कागद कपाटात ठेवले. परदेशी संस्थांना धाडले; त्यांनी ते छापले. आणि गाव डोळ्यांदेखत संपले.

हा मजकूर अवघा दोन-तीन पानांचा आहे. त्यात एकही अलंकार नाही, एकही ओरड नाही. एक दमलेला माणूस हिशेब सांगावा तसे सांगतो. पण मघा जो प्रश्न केला, की ज्याला प्रसंग नाही ते संकट कथेत आणायचे कसे, त्याचे उत्तर या पानांत आहे. हबिला यांनी विष रंगवले नाही. विषाआधीचा हर्ष रंगवला. गावाने तो उजेड मागून घेतला होता, त्याभोवती फेर धरला होता. पाण्याचा घोट आणि तो उजेड यांचा संबंध कोणाच्या ध्यानातच आला नाही, आणि ज्याच्या आला त्याच्यापाशी होते ते नुसते आकडे. जे अदृश्य आहे ते दाखवण्याचा हाच मार्ग असतो: ज्याने डोळे दिपले ते आधी दाखवायचे. इतक्या थोड्या जागेत हे साधलेले मी क्वचित पाहिले आहे.

आणि म्हणूनच माझी तक्रार आहे. ज्या लेखकाला हे साधते त्याने उरलेल्या दोनशे पानांत पाण्याचा पडदा का करावा? नदी आहे, खाडी आहे, धुके आहे, मेलेले मासे आणि पंख तेलाने माखलेले पक्षी आहेत. पण हे सारे होडीच्या दोन्ही अंगांनी मागे सरकणारे देखावे. कथेची ओढ मात्र त्या गोऱ्या बाईपाशी. ती जिवंत आहे का, कोणी नेली, का नेली, यातच वाचकाचा जीव अडकतो. बाई सापडली की वाचक सुस्कारा सोडतो आणि पुस्तक मिटतो. गावाचे पाणी होते तिथेच. हबिला यांना ही विसंगती दिसत नव्हती असे नाही. जगाचे वार्ताहर एका परदेशी स्त्रीसाठी धावतात आणि गावेच्या गावे उठली तरी येत नाहीत, हा टोला त्यांनी उघडच हाणला आहे. पण टोला हाणणे निराळे आणि आपली कथा त्या मोहातून सोडवणे निराळे. इथे कादंबरीकारही त्या वार्ताहरांच्याच होडीत बसला आहे.

दुसरी उणीव मला मराठी वाचक म्हणून अधिक जाणवली. या पुस्तकात लक्षात राहील अशी पाणी भरणारी बाई नाही. इझाबेल आहे, बेटावरची परिचारिका ग्लोरिया आहे, रूफसची भाजलेली बहीण बोमा आहे. तिघीही चांगल्या उतरल्या आहेत. पण विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला हे घरात सर्वांआधी कोणाला कळते? डॉक्टरांना नव्हे. हंडा उचलणारीला कळते, भात शिजवणारीला कळते, तान्ह्याला न्हाऊ घालणारीला कळते. तिने काय केले? शेजारणीला सांगितले का? दुसऱ्या विहिरीवर गेली, तिथे कोणी तिला अडवले का? पाणवठ्यावर कोणी कोणाला अडवावे याची कथा महाराष्ट्राला नीट ठाऊक आहे. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे घडले ते आपण विसरू शकत नाही. ओगोनी अहवालात नोंद आहे की, पाणी दूषित आहे हे कळूनही काही लोक तेच पितात, त्यातच स्वयंपाक करतात, कारण दुसरे पाणी नाही. ‘कळूनही’ या एका शब्दात अख्खी कादंबरी दडलेली आहे. ती हबिला यांनी लिहिली नाही.

उलट एका बाबतीत त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्यांनी गावकऱ्यांना देवमाणसे केले नाही. रूफसच्या बापाची नोकरी सुटते तेव्हा तो चोरट्या तेलाची पिंपे आणून विकू लागतो. स्फोट होतो, आणि बोमाचा चेहरा जातो तो त्यातच. तेल कंपन्या आजवर सांगत आल्या आहेत की, गळतीचा मोठा वाटा नळ फोडून तेल चोरणाऱ्यांचा आणि रानात चोरून तेल गाळणाऱ्यांचा आहे. अहवालातही या चोरट्या भट्ट्यांची नोंद आहे. जुन्या नळांची, हलगर्जीपणाची आणि अर्धवट केलेल्या साफसफाईचीही आहे. कादंबरीत हे सगळे एकाच घराच्या ओट्यावर येते. एक जाहीर सभेतले भाषण आणि एक कादंबरी यांतला भेद तो हाच.

आणखी एक प्रसंग. तळावरचा मेजर पकडून आणलेल्या तरुणांना उन्हात गुडघ्यांवर बसवतो आणि बागेत झारीने पाणी घालावे तसे त्यांच्या अंगावर पेट्रोल शिंपडतो. या तेलासाठीच भांडता ना, मग वास का सोसत नाही, असा त्याचा सवाल. झारी ही वस्तू निवडण्यातच कादंबरीकार दिसतो. पाण्याची जागा तेलाने घेतली, हे वाक्य कुठेही न लिहिता त्यांनी ते दाखवले आहे. इरिकेफे बेटावरच्या पंथाबद्दल मात्र मला असे म्हणता येत नाही. नामन नावाच्या पुरोहिताचे हे अनुयायी नदीत उतरून स्नान करतात. फार पूर्वी एका युद्धात रक्ताने विटाळलेले पाणी शुद्ध करण्यासाठी हे देवस्थान बसले अशी त्यांची कथा. कल्पना सुंदर आहे. पण रक्त वाहून जाते, बेन्झीन जमिनीत मुरते. स्नानाने शुद्ध होणारे पाणी आणि ओगालेचे पाणी ही एका जातीची नव्हेत, आणि लेखकाने बोमाला शेवटी त्या पंथात विसावा दिला तेव्हा आपल्याच डॉक्टरांची साक्ष ते विसरले की काय असे वाटून गेले.

आता अहवालाकडे वळतो. दोनशेहून अधिक जागा तपासल्या, चार हजारांवर नमुने घेतले, आणि निष्कर्ष काढला की, या प्रदेशाची साफसफाई पुरी व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील. ओगालेच्या पिण्याच्या पाण्याचे मात्र इतर सर्व कामांआधी, तातडीने पाहावे. त्याची भाषा रुक्ष आहे, असायलाच हवी. पण डॉक्टर डागोगो-मार्क यांची दोन पाने वाचून जो हा अहवाल उघडील त्याला ते आकडे वाचवणार नाहीत. कपाटात गेलेले कागद कसे असतात ते त्याने आधी पाहिलेले असते. २०२१ साली ओगालेच्या लोकांना इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने शेल कंपनीविरुद्ध तिथे दावा चालवण्याची मुभा दिली, ती इतकी वर्षे भांडून, आणि तीही फक्त दावा चालवण्याची.

या मातीतला एक लेखक याआधी वेगळ्या वाटेने गेला होता. केन सारो-विवा हे ओगोनी. कादंबरीकार, आणि दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी मालिकेने देशभर घरोघरी ठाऊक झालेले. त्यांनी १९९० नंतर लेखणी बहुतांशी चळवळीच्या कामाला लावली. १९९३ साली शेलने ओगोनीत तेल काढणे थांबवले. १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने सारो-विवांना आठ सहकाऱ्यांसह फाशी दिले. हबिला यांच्या कादंबरीत मलाबो नावाचा एक गावप्रमुख आहे. तो जमीन विकायला नकार देतो, तुरुंगात जातो आणि तिथेच मरतो, आणि लगोलग गावात यंत्रे येतात. सारो-विवांची छाया त्याच्यावर पडली आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. ज्याच्या आधीच्या लेखकाने प्राण दिले, त्या विषयावर नुसती कादंबरी लिहिणे हे ओझे लहान नव्हे. ते ओझे हबिला यांनी दिमाख न करता वाहिले, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

कोणी म्हणेल, हे सारे दूर आफ्रिकेतले; सणासुदीला आपल्याला त्याचे काय? नायजेरियाच्या तेलाचे जे मोठे गिऱ्हाईक राहिले आहेत त्यांत आपला भारत आहे. एवढे सांगून मी हा मुद्दा सोडतो.

ही कादंबरी कोणीतरी मराठीत आणावी असे मला वाटते. इंग्रजी साधी आहे, वाक्ये आटोपशीर आहेत. अडेल तो एखादा शब्द. तेलविहिरीच्या तोंडाशी सतत जळणाऱ्या त्या ज्वाळेला काय म्हणावे? मशाल म्हटले तर मिरवणूक आठवते, वणवा म्हटले तर रान. मला ‘पलिता’ जवळचा वाटतो. तोही पुरता बसत नाही. पाण्यावरच्या तेलाच्या पापुद्र्याला मात्र शोधावे लागत नाही. तवंग हा शब्द आपल्या रश्शावर रोज तरंगतो. अनुवादकाला सवड थोडी असेल तर त्याने क्रमाचा आग्रह धरू नये. डॉक्टरांची ती दोन-तीन पाने आधी करून एखाद्या मासिकाकडे धाडावीत. त्यापाठोपाठ तमुनो म्हातारा बातमीदारांना गळ घालतो, की परत जाताना माझ्या पोराला शहरात घेऊन जा, इथे त्याचे काही खरे नाही, तो प्रसंग घ्यावा. अपहृत बाईची हकिगत मागाहून आली तरी चालेल.